ऑनलाइन कोर्स घ्यायचाय? आधी विचारा, तुमचं काम वाचणार कोण

"मॅडम, सप्रेम नमस्कार. मी कोल्हापुरात राहते आणि कागल तालुक्यातल्या एका अनुदानित मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. बी.एस्सी., बी.एड. झालंय, वय ४१. गेल्या वर्षी शाळेला देणगीतून इंटरॅक्टिव्ह पॅनल मिळालं. त्यावर आम्ही यूट्यूब दाखवतो, पीपीटी दाखवतो. पोरं खूश असतात, पण घटक चाचणीत फरक शून्य. म्हणून शैक्षणिक तंत्रज्ञानातला पदव्युत्तर कोर्स ऑनलाइन करावा असं मनात आहे. राजारामपुरीतला एक ॲडमिशन सेंटरवाला म्हणाला, 'एका वर्षात एम.ए. देतो, परीक्षेचं टेन्शन घेऊ नका, हप्त्याची सोय आहे.' मिस्टर म्हणतात, या वयात डिग्री घेऊन पगार वाढणार आहे का? मुलगी यंदा दहावीला आहे, सासूबाईंचे गुडघे दुखतात. माझं इंग्रजी वाचन बेताचं. खेड्यातल्या शाळेत एवढं शिकून उपयोग तरी काय, असंही वाटतं. मला जमेल का? ता. क. : मोबाइलवर भागेल, की लॅपटॉप घ्यावाच लागेल?
– एक शिक्षिका, कोल्हापूर"

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढं गेलात : "पोरं खूश असतात, पण घटक चाचणीत फरक शून्य." पॅनल आलं की शाळेत नारळ फुटतो, देणगीदारांचा सत्कार होतो, फोटो निघतो. त्यानंतर मुलांच्या समजण्यात काही फरक पडला का, हे बघायला फारसं कुणी बसत नाही. तुम्ही बसलात, आणि उत्तर मनासारखं आलं नाही तरी ते झाकलं नाहीत. हा विषय शिकायला जी पात्रता लागते ती हीच, आणि ती तुमच्याकडे प्रवेश घेण्याआधीच आहे. म्हणून जमेल का या प्रश्नाला माझं उत्तर सरळ "हो" असं आहे. मात्र कुठला कोर्स, कुणाचा आणि कधी, हे नीट ठरवायला हवं.

आधी त्या ॲडमिशन सेंटरचा विषय संपवू. "परीक्षेचं टेन्शन घेऊ नका" असं कुणी म्हणालं की तिथं चहासुद्धा न घेता उठायचं. विद्यापीठ अनुदान आयोगाची मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी २०२० सालची नियमावली आहे. फ्रँचायझी देऊन असे कोर्स चालवायला त्यात मनाई आहे. प्रवेश विद्यापीठ स्वतः देतं आणि फी विद्यापीठाच्याच खात्यात भरायची असते. शिवाय तुमची बी.एस्सी. तीन वर्षांची, त्यामुळे एम.ए.ला दोन वर्षं धरायची. एका वर्षात होतो तो पदव्युत्तर डिप्लोमा. डिप्लोमा ही वाईट गोष्ट नाही, पण एम.ए. म्हणून विकला जात असेल तर तो फसवणुकीचा धंदा आहे. आणि "हप्त्याची सोय" म्हणजे बऱ्याचदा एखाद्या फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. कोर्स अर्ध्यात सोडलात तरी हप्ता कापला जातच राहतो. कागद वाचल्याशिवाय कुठंही सही करू नका आणि ओटीपी तर अजिबात सांगू नका.

खरी मान्यता कुठं बघायची? आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर. तिथं विद्यापीठाचं नाव दिसलं म्हणून खूश व्हायचं नाही. कोर्सचं नेमकं नाव, ज्या सत्राला तुम्ही प्रवेश घेणार ते सत्र, आणि तो "ऑनलाइन" म्हणून मान्य आहे की "दूरस्थ" म्हणून, हेही जुळायला हवं. या दोन वेगळ्या मान्यता आहेत. दूरस्थमध्ये छापील पुस्तकं आणि अभ्यासकेंद्र असतं, ऑनलाइनमध्ये तास, साहित्य आणि चर्चा सगळं इंटरनेटवर. २०२४ पासून अशा प्रवेशासाठी डीईबी आयडी लागतो, त्याआधी एबीसी आयडी, म्हणजे आपली क्रेडिट जिथं जमा होतात त्या शैक्षणिक खात्याचा क्रमांक, काढावा लागतो. दोन्ही तुमचे तुम्ही घरी बसून काढायचे, कुणा एजंटाच्या हाती आधार कार्ड देऊन नव्हे. मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी, असं आयोगानं २०२२ मध्ये जाहीर केलेलं आहे, तेव्हा "ऑनलाइन डिग्रीला किंमत नसते" असं स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. परदेशी विद्यापीठांच्या ऑनलाइन पदव्यांचं मात्र असं नाही. त्यांच्या समकक्षतेला आपल्याकडे अडचण येऊ शकते, म्हणून नोकरीत दाखवण्यासाठी पदवी हवी असेल तर तिकडे पैसे घालण्याआधी लेखी उत्तर मिळवा.

आता माझं मुख्य म्हणणं. या कोर्सांच्या जाहिराती बघाल तर चाळीस ॲपांची नावं, कृत्रिम बुद्धिमत्ता, गेमिफिकेशन, सगळं असतं. ते बाजूला ठेवा आणि एकच विचारा : मी जे काम करून पाठवणार ते वाचणार कोण? व्हिडिओ कितीही चांगले असोत, ते आज फुकट मिळतात. फी भरून आपण विकत घेतो ते जाणत्या माणसाचं लक्ष. कुणीतरी तुमचा पाठाचा आराखडा उघडावा, "हा प्रश्न मुलांना आधी का विचारला नाही?" असं समासात लिहावं, तो तुमच्याकडून दुरुस्त करून घ्यावा आणि पुन्हा वाचावा. गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या कॅनडातल्या तिघा अभ्यासकांनी २००० साली ऑनलाइन शिकण्याबद्दल जी मांडणी केली, तिच्यात विचार करायला लावणारं काम, सोबतचे शिकणारे आणि शिकवणाऱ्याची जाणवणारी उपस्थिती अशा तीन गोष्टी आहेत. आपल्याकडच्या पुष्कळ ऑनलाइन कोर्सांत तिसरी गोष्ट नसते. व्हिडिओ, पाठोपाठ बहुपर्यायी प्रश्न, शेवटी प्रमाणपत्र, आणि मधे माणूस कुठंच नाही.

म्हणून प्रवेशाआधी विभागाला फोन करा. मार्केटिंगच्या नंबरवर नको, शिकवणाऱ्या प्राध्यापकांपर्यंत पोचा. असाइनमेंट तपासून किती दिवसांत परत येते? त्यावर नुसते गुण असतात की शेरेही? एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी? प्रकल्प मला माझ्याच वर्गावर करता येईल का? मागच्या बॅचची शेरे मारलेली एखादी असाइनमेंट, नाव झाकून, बघायला मिळेल का? हे सगळं विचारायला संकोच करू नका. मुलांना प्रश्न विचारा म्हणून आपणच सांगतो. ज्या विभागात काम खरंच वाचलं जातं, तिथले लोक या प्रश्नांनी चिडत नाहीत, उलट मोकळेपणानं बोलायला लागतात.

कुठं कुठं चौकशी करावी? इग्नूचा शैक्षणिक तंत्रज्ञानातला पदव्युत्तर डिप्लोमा आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठाचा शैक्षणिक तंत्रज्ञान विभाग मुंबईत जुहूला आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेनं शाळांमधल्या तंत्रज्ञानावर पुष्कळ काम केलंय, त्यांच्या 'क्लिक्स' या उपक्रमाला २०१७ चा युनेस्कोचा पुरस्कार मिळाला होता. आयआयटी मुंबईत या विषयात पीएच.डी. होते, ते आज तुमच्यासाठी नाही, पण तिथल्या प्राध्यापकांनी शिक्षकांसाठी केलेले कोर्स जरूर बघा. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून मराठीतून शिकवतंय, मराठीतून शिक्षणशास्त्र करायचं असेल तर तिथं विचारा. कुठला कोर्स कुठल्या सत्राला चालू आहे, हे शेवटी डीईबीच्या यादीतच बघायचं.

"शैक्षणिक तंत्रज्ञान म्हणजे पॅनल चालवायला शिकणं" एवढाच समज घेऊन गेलात तर पहिल्या महिन्यातच विरस होईल, म्हणून या विषयाच्या पोटात काय आहे तेही थोडं सांगते. रिचर्ड क्लार्क या अमेरिकन संशोधकानं १९८३ साली मोठा वाद ओढवून घेतला. त्याचं म्हणणं, साधनानं शिकणं वाढत नाही. किराणा माल कुठल्या ट्रकमधून आला यावर आपलं पोषण ठरत नाही, तसंच हे. मुलं शिकतात ती पाठाच्या रचनेनं. कोझ्मा या दुसऱ्या अभ्यासकानं त्याला उत्तर दिलं की काही साधनं अशा गोष्टी दाखवू शकतात ज्या फळ्यावर दाखवताच येत नाहीत, मग साधन आणि रचना वेगळी कशी काढणार? हा वाद अजून मिटलेला नाही. तुमच्या शाळेतलं पॅनल याच वादाच्या मधोमध उभं आहे. त्यावर मुलं जे बघतात ते पुस्तकातलंच, फक्त रंगीत, मग चाचणीत फरक पडावा कसा? तुमच्या वयाच्या माणसांना दूरदर्शनवरची बालचित्रवाणी आठवत असेल. १९८४ साली पुण्यात ती संस्था उभी राहिली, तळमळीच्या लोकांनी सुरेख कार्यक्रम केले. पण ज्या वर्गात बाई कार्यक्रमाआधी दोन प्रश्न विचारायच्या आणि नंतर चर्चा घ्यायच्या, त्या वर्गातली मुलं वेगळं बघायची. ज्या वर्गात टीव्ही लावून बाई वह्या तपासायच्या, तिथं ती करमणूकच राहायची.

तुमच्या वर्गातलंच उदाहरण घेऊ. नववीला प्रकाशाचं परावर्तन आहे. सपाट आरशातली प्रतिमा वस्तूइतक्याच अंतरावर आरशाच्या मागे असते, हे वाक्य मुलं चाचणीत बिनचूक लिहितात. तीच मुलं आरशासमोर उभी करा आणि "प्रतिमा कुठं आहे, बोट दाखव" म्हणा. बहुतेक जण काचेवरच बोट टेकवतील. म्हणजे वाक्य पाठ आहे, समज दुसरीच आहे. यूट्यूबवरचा व्हिडिओ ही समज हलवत नाही, कारण तो मुलांना काही विचारतच नाही. चांगल्या कोर्समध्ये तुम्हाला हे असं करायला लावतील. आधी सात-आठ मुलांशी बोला, ती काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. मग एक साधी काच टेबलावर उभी करा. पुढं पेटती मेणबत्ती, मागं तेवढीच विझलेली. मुलांना आधी खडूनं खूण करायला सांगा : मागची मेणबत्ती पेटलेली दिसायला ती कुठं ठेवावी लागेल? खुणा झाल्यावर मागची मेणबत्ती हळूहळू सरकवा. एका जागी तीही पेटल्यासारखी दिसते. पट्टीनं दोन्ही अंतरं मोजा. वर्गात जो गलका होईल, तो ऐकण्यासारखा असतो.

आता यात पॅनल कुठं आलं? मागच्या बाकावरून ती मेणबत्ती दिसत नाही. मोबाइल स्टँडला लावून, मुलाच्या डोळ्याच्या पातळीवरून दोन मिनिटांचं चित्रण करा आणि ते पॅनलवर मोठं दाखवा, मधे थांबवा, पुन्हा मागं न्या. पॅनलचा उपयोग इथं आहे : जे पन्नास मुलांना एकाच वेळी एका कोनातून दिसू शकत नाही ते दाखवणं आणि हवं तिथं थांबवणं. चित्रणावर मागं संगीत नको आणि पडद्यावर ओळी नकोत, फक्त तुमचा आवाज. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञानं अनेक वर्षं प्रयोग करून दाखवलंय की बोललेलीच वाक्यं पडद्यावरही लिहिली तर समजणं सहसा वाढत नाही, घटतं, कारण डोळे चित्र सोडून अक्षरांकडे जातात. आपल्याकडे पीपीटी म्हणजे परिच्छेद चिकटवून ते वाचून दाखवणं अशी पद्धत पडली आहे. प्रशिक्षणांतही हेच चालतं, आणि शिक्षकांना शिकवतानाच हे व्हावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चित्रणाआधी आणि नंतर तोच एक प्रश्न विचारा : "तू आरशापासून एक मीटर मागं सरकलीस, तर तुझ्यात आणि प्रतिमेत अंतर किती वाढलं?" चार पर्याय, चार रंगांची कार्डं, मुलांनी एकदम वर करायची. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत गाजवली : आधी प्रत्येकानं मत द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा मत. पुठ्ठ्याच्या कार्डांवर हे होतं, नेट लागत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या वेळी किती कार्डं बरोबर होती ते वहीत लिहा. मुलांचं म्हणणं, पाठाचा आराखडा, दोन मिनिटांचं चित्रण आणि हे आकडे, एवढं मिळून तुमची एक खणखणीत असाइनमेंट तयार होते, आणि घटक चाचणीत फरक का पडत नव्हता याचा पहिला धागाही हाती येतो. कोर्समध्ये याच पायऱ्यांना मोठी नावं असतील : विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन. ही चौकट १९७० च्या दशकात अमेरिकेत लष्करी प्रशिक्षणासाठी बांधली गेली. नववीतली मुलं म्हणजे पलटण नव्हे. तेव्हा ही चौकट कुठं तोकडी पडते, हेही जो कोर्स शिकवतो तो चांगला.

मुलांचं चित्रण कुठंही पाठवण्याआधी मुख्याध्यापकांची आणि पालकांची लेखी संमती घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे. कायदा नसता तरीही मी हेच म्हणाले असते. मेणबत्तीचं चित्रण करा, मुलांचे चेहरे कशाला हवेत?

इंग्रजीचं ओझं थोडं कमी करू. विज्ञानाची पदवी तुम्ही इंग्रजी पुस्तकांतूनच घेतलीत. संशोधनाचा लेख पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत भाषांतर करत वाचायचा नसतो. आधी सारांश, मग कुणावर प्रयोग केला आणि काय मोजलं तो भाग, मग निष्कर्ष. एवढं समजलं की मधला भाग वाचायचा की नाही ते ठरवा. तीच ती पन्नास-साठ पारिभाषिक पदं फिरून फिरून येतात, त्यांची एक वही करा, दोन महिन्यांत वाचनाचा वेग दिसेल. भाषांतरासाठी मोबाइलची मदत खुशाल घ्या. पण असाइनमेंट चॅटजीपीटीकडून लिहून घेऊ नका. पकडलं जाण्याचा प्रश्न आहेच, त्याहून मोठं नुकसान म्हणजे मग तुमच्या मार्गदर्शकाचे शेरे यंत्राच्या लिखाणावर पडतील आणि तुमच्या विचाराला कुणाचा हातच लागणार नाही. मोडक्यातोडक्या वाक्यांत का होईना, मुलांचे शब्द आणि तुमचं निरीक्षण तुमचंच जाऊ द्या.

आता घर. हिशोब आधीच मांडलेला बरा. आयोगाच्या नियमावलीत एक क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे तीस तास. चार क्रेडिटचा एक पेपर म्हणजे १२० तास. वीस आठवड्यांचं सत्र धरलं तर एका पेपरला आठवड्याला सहा तास लागतात, चार पेपरांना चोवीस. शाळा, कागलची जा-ये आणि स्वयंपाक सांभाळून आठवड्याला चोवीस तास निघणार नाहीत, आणि रात्री अकराला डोळे चोळत अभ्यास करा असं मी सांगणार नाही. म्हणून विद्यापीठ किती वर्षांत पूर्ण करायची मुभा देतं ते विचारा आणि जमेल तिथं एका वेळी दोनच पेपर घ्या.

मुलगी दहावीला आहे, तर यंदा प्रवेश घेऊच नका. यंदा 'स्वयम'वरचा एक कोर्स करा, आठ किंवा बारा आठवड्यांचा. २०१७ पासूनचं हे केंद्र सरकारचं व्यासपीठ आहे, शिकायला फी नाही, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेचे पैसे. हा कोर्स ज्ञानापेक्षा तुमच्या घरासाठी घ्यायचा. आठवड्याची असाइनमेंट ठरल्या दिवशी जाते का, रविवारी सकाळचे तीन तास तुमचे म्हणून घरात पाळले जातात का, सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायचं काम त्या दिवशी मिस्टर करतात का, हे सगळं कळेल. घरात जागा आणि शांतता नसेल तर करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० पासून कोल्हापूरकरांना वाचायला जागा देणारं. मुलगीही सोबत येईल, दोघी समोरासमोर बसून अभ्यास करा. दहावीच्या पोरीला आईनं "अभ्यास कर" म्हणण्यापेक्षा आई स्वतः अभ्यासाला बसलेली दिसणं फार वेगळं असतं. परीक्षा मार्चमध्ये आटोपली की जुलैच्या सत्राचा विचार करा.

जुलै म्हटल्यावर कोल्हापूरकरांना पाऊस आधी आठवतो. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत शिरोलीजवळ पुण्या-बंगळूरचा महामार्ग बंद पडला होता, वीज नव्हती, कितीतरी घरांत नेट नव्हतं. सत्र सुरू होतानाच मार्गदर्शकांना हे लिहून कळवा, जुलै-ऑगस्टची असाइनमेंट मुदतीच्या आठवडाभर आधी पाठवायची सवय ठेवा आणि वाचायचं साहित्य आधीच उतरवून घ्या. परीक्षाकेंद्र कुठल्या गावाला पडतं हेही प्रवेशाआधी विचारून ठेवा.

मिस्टरांचा प्रश्न रास्त आहे, त्याचा राग धरू नका. पदवी मिळाली म्हणून दुसऱ्या महिन्यात पगार वाढत नाही. निवडश्रेणीच्या, म्हणजे बऱ्याच वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या वरच्या वेतनश्रेणीच्या, वेळी मात्र वाढवलेली शैक्षणिक पात्रता बघितली जाते. तिथं शैक्षणिक तंत्रज्ञानातली पदवी किंवा डिप्लोमा धरला जाईल का, हे मुख्याध्यापकांमार्फत माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारा. प्रवेशाआधी संस्थेची परवानगी घ्या आणि निकालानंतर सेवापुस्तकात नोंद करून घ्या. तोंडी "चालतंय हो, काय होत नाही" यावर विसंबू नका. शाळेबाहेर शैक्षणिक साहित्य तयार करणाऱ्या कंपन्यांत या विषयाच्या माणसांना काम मिळतं, पण ते पदवीच्या कागदाबरोबर तुम्ही केलेले पाठ बघायला मागतात. मेणबत्तीचा पाठ जपून ठेवा.

राहिला प्रश्न खेड्यातल्या शाळेचा, आणि यावर मी तुमच्याशी भांडायला तयार आहे. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. देशाच्या शिक्षणाचा आराखडा लिहायच्या आधी त्यांनी गारगोटीला मौनी विद्यापीठ उभं केलं, तेव्हा तो भाग आजच्यापेक्षा कितीतरी आडबाजूला होता. अलीकडचं बघा. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळवणारे रणजितसिंह डिसले सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापायची कल्पना त्यांनी आधी स्वतःच्या वर्गात वापरून पाहिली. शहरातल्या शाळेत ट्यूशन, कोचिंग, घरचा टॅब एवढं सगळं असतं की तुमच्या पाठानं नेमका किती फरक पडला हे वेगळं काढणं अवघड जातं. तुमच्या वर्गात ते स्वच्छ दिसेल. कागल तालुक्यातली तुमची नववी ही या अभ्यासासाठी तुमच्याजवळची सगळ्यात चांगली प्रयोगशाळा आहे.

ता. क.चं उत्तर : व्हिडिओ बघायला मोबाइल पुरतो, पण लिहायला, आराखडे करायला आणि घरून देखरेखीखाली होणाऱ्या परीक्षेला वेबकॅम असलेला लॅपटॉप हवाच. नवाच हवा असं नाही. आठ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला वापरलेला लॅपटॉप, बिल आणि थोडी वॉरंटी देणाऱ्या दुकानातून घ्या आणि घेण्याआधी बॅटरी दुकानातच तासभर चालवून बघा. प्रवेश ठरेपर्यंत तोही घेऊ नका, 'स्वयम'चा कोर्स शाळेच्या संगणकावर आणि मोबाइलवर होईल. मोबाइलमध्ये दुसऱ्या कंपनीचं एक सिम ठेवा, एकाची रेंज गेली तर दुसऱ्यावर हॉटस्पॉट लावता येतो. काच आणि दोन मेणबत्त्या मात्र या आठवड्यातच आणा. मुलांनी खडूच्या खुणा कुठं केल्या ते मला लिहून कळवा, मी वाट बघते.